उबदार कपाटातील पोचपावत्या

सन २०१२ च्या नोव्हेंबरातील एका रविवारी सकाळी आमच्या सौभाग्यवतींनी जेवणाच्या टेबलावर कागदांचे दोन ढीग मांडावयास घेतले. पहिला ढीग वीतभर उंच झाला. त्यात तिच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, बँकेची पत्रके होती, घरभाड्याचा करार होता, शिवाय विजेची, टेलिफोनची आणि कचऱ्याची बिले होती. दुसऱ्या ढिगाच्या जागी एकच कोरा फॉर्म होता आणि तो उडू नये म्हणून तिने त्यावर मिठाची बरणी ठेवली होती. हा दुसरा ढीग माझा.

आयर्लंड देशात आम्हांस पाच वर्षे पूर्ण होत आली होती आणि नागरिकत्वाचा अर्ज करण्यास आम्ही पात्र ठरत होतो. अर्जासोबत वास्तव्याचे पुरावे जोडावयाचे होते. दर वर्षाचे तीन कागद, आणि प्रत्येक कागदावर अर्जदाराचे नाव, पत्ता व तारीख.

"तुमच्या नावाचा एक तरी कागद दाखवा," ती म्हणाली.

"पासपोर्ट आहे."

"पासपोर्ट झाला. अजून?"

मी विचार केला. पासपोर्टावरील शिक्के परवानगीचे असतात. माणूस तेथे प्रत्यक्ष राहिला, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. हा भेद पूर्वी मीच तिला समजावून दिलेला असल्याने आता तो तिच्यापासून लपविता येईना.

"अख्ख्या तालुक्याला रहिवासी दाखले मिळवून दिलेत," ती म्हणाली, "आणि स्वतः बेवारस!"

"तुझा अर्ज तर पूर्ण आहे. तो पाठवून दे. माझे मागाहून पाहू."

"एकटीचा नाही पाठवणार. आलो दोघं, जातील ते फॉर्म दोघांचे. नाहीतर दरवर्षी तो नदीकाठच्या ऑफिसचा चौथरा आहेच, पहाटेपासून रांगेत उभं राहायला."

हा टोमणा नव्हता, हे मला समजले. परदेशी माणसाच्या नोंदणीचे कार्ड दरवर्षी नवे करून घ्यावे लागे. त्यासाठी ती दवाखान्यातून रजा काढी आणि थंडीत तीन-चार तास रांगेत उभी राही. नर्सबाईचे पाय ते, आधीच बारा-बारा तास उभे. त्या रांगेतून तिची सुटका व्हावी ही माझी मनापासून इच्छा होती, आणि ती सुटका आता माझ्या नावाच्या पंधरा कागदांवर अडली होती.

येथे माझा परिचय देणे क्रमप्राप्त आहे. मी व्यवसायाने अर्जनवीस. शिक्षण नववीपर्यंत, परंतु सातारा जिल्ह्यातील एका तहसील कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली मी बावीस वर्षे टेबल मांडून बसलो आणि माझ्या हातच्या अर्जावर 'अपूर्ण' असा शेरा पडल्याचे मला स्मरत नाही. माझ्या गुरूंनी मला दोन नियम शिकविले. पहिला, पोच घेतल्याशिवाय अर्ज हातचा सोडू नये. दुसरा, एका कागदावर एकच नाव घालावे. दोन नावे आली की भाऊबंदकी आली. त्यांच्या वहीत इंग्रजी अर्जांचे चाळीस मसुदेही होते. ते मी अक्षर न् अक्षर पाठ केले. त्यातील नाव, गाव आणि गाऱ्हाणे तेवढे बदलले की जगातील कोणत्याही कचेरीस पत्र धाडता येते, असा माझा अनुभव आहे.

२००८ च्या जानेवारीत आम्ही ॲडम्सटाउन या नव्या वसाहतीत आलो. स्टेशन शेजारी असल्याने आम्ही तेथे जागा पाहिली. भाडेकरार करताना घरदलालाने नम्रपणे विचारले की नावे दोघांची घालावयाची का. सौ. म्हणाली, "घाला की दोघांची." मी तिला बाजूस घेऊन जोडनावांतून उद्भवलेल्या भाऊबंदकीची तीन उदाहरणे दिली. नोकरी तिची, म्हणून नाव तिचे, असे ठरले. करार तिच्या नावे, म्हणून वीज तिच्या नावे; वीज तिच्या नावे, म्हणून बँक तिच्या नावे. मला नोकरी करण्याची परवानगी नव्हती, म्हणून माझ्या नावे पगाराची चिठ्ठीही निघेना. मी घर सांभाळी, स्वयंपाक करी, आणि दवाखान्यातील मराठी डॉक्टर मंडळी किंवा चेरीवूडच्या कंपन्यांत काम करणारी मुले आपापल्या गावाकडील सातबारा, वारसनोंद, वडिलांचे निवृत्तिवेतन अशी प्रकरणे घेऊन आली म्हणजे त्यांचे अर्ज लिहून देई. मोबदल्यात चिवड्याचा डबा येई. माणसाने समाधानी असण्यास यापरते आणखी काय हवे!

तरीही समाधानी माणसास डोळे असतात, आणि ज्यास डोळे असतात त्यास प्रश्न पडतात.

आमच्या इमारतीकडून स्टेशनाकडे जाताना रस्ता ओलांडण्यासाठी खांबावर एक बटन आहे. पहिल्याच आठवड्यात मी ते शिस्तीने दाबले. मोटारी जात राहिल्या. मी उभा राहिलो. हळूहळू मोटारी संपल्या. रस्ता डाव्या हातास आणि उजव्या हातास नजर पोहोचेतो मोकळा झाला. मी तरीही उभा राहिलो, कारण नियम तो नियम. आणि मग, जाणारे-येणारे कोणीही उरले नसता, दिव्यातील हिरवा माणूस उगवला आणि त्या निर्मनुष्य रस्त्यावरून मला संपूर्ण सरकारी संरक्षणात पलीकडे नेण्यात आले. जेवणे उरकल्यावर पाने मांडण्याचाच हा प्रकार होता. मी घरी येऊन नगरपालिकेस पत्र लिहिले.

आठ दिवसांनी आमच्या दाराच्या फटीतून एक लिफाफा आत पडला. त्यास पारदर्शक खिडकी होती आणि त्या खिडकीतून माझे नाव, माझा पत्ता दिसत होता. आत एका अधिकारीबाईंनी स्वाक्षरीनिशी कळविले होते की आपले पत्र मिळाले, आभारी आहोत, विषय संबंधित विभागाकडे पाठविण्यात आला आहे.

वाचकांस यात विशेष वाटणार नाही. परंतु ज्याने बावीस वर्षे आवक खिडकीपाशी उभे राहून, कारकुनाचा चहा संपण्याची वाट पाहून, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर एक शिक्का आणि एक तिरपी सही मिळविली आहे, त्यास विचारा. येथे पोच आपल्या पायांनी चालत घरी आली होती. मी ती दोनदा वाचली आणि ज्या देशात न मागता पोच मिळते त्या देशास आपले विचार न कळविणे हा कृतघ्नपणा होईल, असे ठरविले.

त्यानंतर मी नियमितपणे लिहू लागलो. मोरीतील हात धुण्याच्या भांड्यास दोन निरनिराळे नळ होते. एकातून भाजणारे पाणी येई, दुसऱ्यातून गोठलेले, आणि मध्ये माणसाने हात कोठे धरावे याची कसलीच तरतूद नव्हती. मी इमारतीच्या व्यवस्थापनास लिहिले. आमच्यामागे एक नवा रस्ता होता. त्यास दिव्यांचे खांब होते, फुटपाथ होता, झाडेही लावलेली होती. घर तेवढे एकही नव्हते, कारण बांधकामे थांबली होती. त्या रस्त्यावर दररोज तिन्हीसांजेला दिवे लागत. ते कोणासाठी लागतात अशी मी नम्र पृच्छा केली. दुकानात माणसाऐवजी यंत्रापुढे हिशेब चुकता करण्याची सोय झाली, तेव्हा मी माझी स्वतःची कापडी पिशवी यंत्राशेजारी ठेवली आणि ते यंत्र सर्वांसमक्ष, स्त्रीच्या आवाजात ओरडले की येथे अनपेक्षित वस्तू आढळली आहे. ती पिशवी माझ्या सासूबाईंनी शिवलेली होती. मी दुकानाच्या मुख्य कार्यालयास लिहिले. टेलिफोनवर 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे पाऊण तास ऐकविणाऱ्या कंपनीसही लिहिले. महत्त्वाच्या पाहुण्यास आमच्याकडे ओसरीवर बसवून बासरी ऐकवीत नाहीत, हेही त्यात नमूद केले.

सर्वांची उत्तरे आली. बटन तसेच राहिले, नळ दोनच राहिले, दिवे लागत राहिले. परंतु उत्तरे आली.

शेजाऱ्यांची ओळख झाली तीही अशाच एका त्रासातून. आमच्या छताला धुराची सूचना देणारी एक पांढरी वाटी बसविलेली आहे. मोहरी तडतडली, हिंग पडला, की ही वाटी अशी किंचाळे की सारी इमारत बाहेर यावी. पहिल्या खेपेस मी टॉवेल फडकावीत खुर्चीवर उभा असताना दार वाजले. खालच्या मजल्यावरील एक आयरिश गृहस्थ हातात लांब दांड्याची केरसुणी घेऊन उभे होते. उमर सत्तरीच्या आसपास, विधुर, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी काही न विचारता केरसुणीच्या दांड्याने त्या वाटीचे बटन दाबले. आवाज थांबला.

"काय जळतंय?" त्यांनी विचारले. त्यांचे बोलणे अर्थातच इंग्रजी. मी येथे ते मराठीत देत आहे.

"काहीही जळत नाही. आमटीला फोडणी दिली आहे."

त्यांनी नाक वर करून वास घेतला. "मग हे यंत्र मूर्ख आहे," ते म्हणाले. "जे शिजतंय त्यात दोन माणसांपुरतं आहे की तीन?"

वाटीविषयी मी पुढे व्यवस्थापनास लिहिलेच; परंतु त्या दिवसापासून मी फोडणी देण्यापूर्वी खाली टकटक करून ठेवी, आणि ते केरसुणी घेऊन वर येत व जेवूनच जात. त्यांना सर्व काही 'ग्रँड' असे. आमटी ग्रँड, पाऊस ग्रँड, गुडघा कसा आहे विचारले तर तोही ग्रँड, जरी तो धरून ते जिना उतरत. त्यांच्या बोलीतील आणखी एक चमत्कार म्हणजे कोणत्याही तिसऱ्या माणसास ते 'युवर मॅन' म्हणत, मग तो ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असो वा नसो. माझी ओळख ते पोस्टमनला 'वरचा युवर मॅन, तो पत्रंवाला' अशी करून देत. मला यात अनादर दिसला नाही. पदवीच होती ती.

आता ही सारी उत्तरे कोठे ठेवावयाची हा प्रश्न होता. आयर्लंडात कागदाचा शत्रू वाळवी नव्हे, ओल होय. भिंतीलगतच्या कपाटात ठेवलेले कागद चार महिन्यांत मऊ पडतात. परंतु या लोकांनी एक गोष्ट अशी काढली आहे की तिजबद्दल मला आजवर एकही तक्रार सुचलेली नाही. कपाटास येथे प्रेस म्हणतात आणि ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते त्यास हॉट प्रेस. आत सदैव ऊब असते. खालच्या फळीवर सौ. आपले धुतलेले गणवेश वाळत ठेवी, मधल्या फळीवर विरजण लावलेले दह्याचे पातेले, आणि वरची फळी मी माझ्या फाइलीसाठी मागून घेतली. फाइलीवर 'पोच' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले. गुरूंचा पहिला नियम मी परदेशातही मोडला नाही.

"दही तरी चार तासांत लागतं," सौ. म्हणे. "तुमची पत्रं दोन वर्षं विरजताहेत. लागलं का काही?"

गोष्ट हसण्यावारी चालली होती ती २०१० च्या डिसेंबरात बिघडली. तिला दुपारी डबा देण्यास मी तिच्या दवाखान्यात गेलो असता तेथील एका लांब बोळातील घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. पुढल्या आठवड्यात गेलो तेव्हाही चार वाजून दहा मिनिटेच झाली होती. रुग्णाच्या मनावर थांबलेल्या घड्याळाचा काय परिणाम होतो यावर मी दोन पृष्ठांचे पत्र दवाखान्यास धाडले. त्याच सुमारास कचऱ्याच्या तीन रंगांच्या डब्यांपैकी चहाचा चोथा कोणत्या डब्याचा, याविषयी एक पृच्छाही केली होती. दोहोंची उत्तरे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. परंतु दवाखान्याचे उत्तर माझ्याकडे येण्यापूर्वी ते पत्र हातोहात तिच्या वरिष्ठ बाईंपर्यंत पोहोचले होते आणि त्यांनी तिला हसत विचारले होते की घड्याळवाले सद्गृहस्थ तुझेच का.

ती त्या दिवशी घरी आली आणि बूट न काढता खुर्चीत बसली.

"मी तिथं नोकरी करते हो," एवढेच म्हणाली.

आठ दिवसांनी संक्रांत होती. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि माझी मूठ आपल्या मुठीत धरून ठेवली. "गोड बोला म्हणतात ना? वर्षभर बोला. एका संक्रांतीपासून दुसरीपर्यंत एकही तक्रार लिहायची नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला आणि पाळलाही. २०११ साल मी तक्रारीविना काढले, आणि सांगावयास हरकत नाही की ते वाईट गेले नाही. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असे. शेजारी आणि मी बाकावर बसून त्या उजेडाचे करायचे काय याचा विचार करीत असू.

त्या वर्षी मी एकच पत्र लिहिले, आणि ते तक्रारीचे नव्हते. ऑक्टोबरात एका सकाळी सौ.स उशीर झाला. मी आधी थांब्यावर जाऊन उभा राहिलो होतो. ती पावसात, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात उलटी झालेली छत्री घेऊन कोपऱ्यावरून धावत येताना दिसली. बस सुटण्याच्या बेतात होती. चालकाने आरशात पाहिले, मिटलेले दार पुन्हा उघडले आणि मागे वळून भरल्या बसला सांगितले, "ही बाई आजाऱ्यांना सांभाळायला चाललीय. आपण तिला एक मिनिट सांभाळू." कोणीही कुरकुर केली नाही. उलट ती आत चढली तेव्हा एका आजोबांनी तिचीच क्षमा मागितली. येथील लोक आपला पाय तुडविणाऱ्याचीही क्षमा मागतात. याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

मी घरी येऊन बस कंपनीस आभाराचे पत्र लिहिले. गुरूंच्या चाळीस मसुद्यांत आभाराचा मसुदा नव्हता, त्यामुळे ते सर्वस्वी मला स्वतःस रचावे लागले आणि त्यास दोन दिवस लागले. पोस्टात टाकण्यापूर्वी सौ.स दाखविले.

"यात तक्रार नाही ना कुठं लपलेली?"

"वाचून पाहा."

तिने वाचले आणि तिकीट स्वतः लावले.

कंपनीचे उत्तर आले तेव्हा ते मी अभिमानाने खाली नेऊन शेजाऱ्यांस दाखविले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग चष्मा काढून तो बराच वेळ पुसला.

"मी इतकी वर्षं गाडी हाकली," ते म्हणाले. "उतरताना प्रत्येक जण थँक्यू म्हणतो. पण लिहून कोणी दिलं नाही. हे मी ठेवू का, बॉस?"

पोच दुसऱ्यास देणे हे नियमात बसत नव्हते. तरी मी दिली. त्यांनी ती आपल्या फ्रीजच्या दारावर बसच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली लावली.

असो. पुन्हा २०१२ च्या नोव्हेंबराकडे येतो. त्या रविवारनंतर पुढील दोन महिने मी स्वतःचे अस्तित्व सिद्ध करण्याच्या खटपटीत घालविले. बँकेत गेलो. खाते उघडण्यास पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचे बिल लागेल, असे तेथील मुलीने गोड हसून सांगितले. वीज कंपनीस फोन केला. बासरी ऐकली. बिलावर नाव चढविण्यास बँकेचे खाते लागेल, असे कळले. वाचनालयात गेलो. तेथील बाई म्हणाल्या की सभासद होण्यास नाव आणि पत्ता असलेला काहीतरी कागद आणा.

"मी स्वतः समोर उभा आहे," मी म्हणालो.

"दिसताय ना," त्या म्हणाल्या, "पण तुमच्यावर पत्ता लिहिलेला नाही." आणि आम्ही दोघेही हसलो, कारण म्हणणे रास्त होते. अशी वाक्ये मीही पूर्वी पुष्कळांस ऐकविली आहेत.

जानेवारीतील एका दुपारी मी कणीक मळीत असता सौ. हॉट प्रेसमधून गणवेश काढावयास गेली. वरच्या फळीवरील फाइल तिच्या खांद्यावर पडली आणि लिफाफे बोळभर पांगले. आता काही ऐकावे लागणार म्हणून मी कणकेच्या हातांनी तसाच उभा राहिलो. परंतु काही ऐकू आले नाही. पुढे होऊन पाहतो तो ती फरशीवर मांडी घालून बसली होती आणि एक लिफाफा डोळ्यांजवळ धरून पाहत होती.

"अहो, हे काय आहे?"

"पोच आहे. बटनाच्या अर्जाची."

"नाव कुणाचं आहे यावर?"

"माझे."

"पत्ता?"

"आपला."

"तारीख?"

"फेब्रुवारी दोन हजार आठ."

"मग?"

मी तिला शांतपणे समजावून सांगू लागलो की पोच हा अर्ज पोहोचल्याचा पुरावा असतो, अर्जदार त्या जागी राहत असल्याचा नव्हे. हे दोन वेगळे दाखले असून त्यांची गल्लत करणारा अर्जनवीस बावीस वर्षे टिकत नसतो...

"गप बसा," ती म्हणाली. "हात धुऊन या आणि सालवार लावा."

कागदाच्या प्रकारांचे ज्ञान मला इतके मुरलेले होते की जे एका नर्सबाईस फरशीवर बसून दिसले ते मला पाच वर्षे उघड्या डोळ्यांनी दिसले नव्हते, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. मी हात धुण्याआधीच ती कागद लावू लागली आणि लावताना मोठ्याने वाचत होती. बटन, नळ आणि दिवे, झाले २००८. धुराची वाटी, यंत्र आणि बासरी, झाले २००९. २०१० सालचे तर पाच निघाले. २०१२ मध्ये शब्दाची मुदत संपल्यावर मी पुन्हा बेताने लिहू लागलो होतो, त्याचे बरोबर तीन. आणि मग ती थांबली.

"दोन हजार अकराचे दोनच आहेत. घड्याळ नि चोथा."

"ती संक्रांतीपूर्वीची. नंतर मी लिहिलेच नाही."

"का नाही लिहिलंत?"

मी तिच्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर प्रथम तिळगूळ उमटला आणि मग हसू, आणि मग ती एकदम उठून उभी राहिली.

"फ्रीज!" ती म्हणाली.

आम्ही दोघे खाली गेलो. माझ्या हातांस कणीक तशीच होती. शेजाऱ्यांनी सर्व हकीकत ऐकून घेतली, फ्रीजकडे पाहिले आणि फ्रीजच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"ते पत्र माझं आहे," ते म्हणाले.

"पत्र माझ्या नावे आहे," मी म्हणालो.

"पण फ्रीज माझ्या नावे आहे."

"ते तुमचंच राहील हो," सौ. म्हणाली. "काम झालं की परत आणून देतील हे."

"सरकारदरबारी गेलेलं कधी परत येतं का, मिसेस? या युवर मॅनला विचारा." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "लिहून दे. तुझं ते नेहमीचं, खाली सही करणार वगैरे. त्याशिवाय मी ते सोडायचो नाही."

मी हात धुतले आणि त्यांच्या टेबलाशी बसून पोचपावती लिहिली. बावीस अधिक पाच वर्षांत मी लिहून दिलेली ही पहिलीच पोच. एरवी मी घेणारा. तीत मी कबूल केले की खाली सही करणारास सदर पत्र अमुक दिवशी सुस्थितीत मिळाले असून काम होताच ते मूळ जागी, त्याच लोहचुंबकाखाली लावून देण्यात येईल. त्यांनी ती वाचली, "ग्रँड" म्हणाले, पत्र काढून माझ्या हाती दिले आणि पावती त्याच जागी लावली.

अर्जास जोडपत्र मी लिहिले. सोबतच्या पंधरा कागदांची यादी क्रमवार दिली. फेब्रुवारीतील एका सकाळी दोघांचे अर्ज एकाच जाड लिफाफ्यात घालून आम्ही पोस्टाकडे निघालो. वाटेत ती एकाएकी म्हणाली, "अहो, ते कागद वाचतील ना ते?"

"वाचतील. वाचावयासच जोडले आहेत."

"पंधरा कागद. त्यात चौदा तक्रारी नि एक आभार. अशा माणसाला देतील का हो नागरिकत्व?"

"पाहुणा तक्रार करीत नाही," मी म्हणालो. "मिळेल त्यास बरे म्हणतो आणि निघून जातो. तक्रार घरचा माणूस करतो."

"हे त्यांना लिहिलं तर नाही ना?"

"शेवटच्या परिच्छेदात."

तिने कपाळाला हात लावला, पण लिफाफा परत उघडा असे म्हणाली नाही. पोस्टाच्या खिडकीवर तिने तो स्वतःच्या हाताने पुढे सरकविला, आणि मी काही सांगण्यापूर्वीच तेथील बाईस म्हणाली, "रजिस्टर करा. पोच हवी."

परतताना आम्ही बटनाच्या खांबापाशी आलो. तिने बटन दाबले. मोटारी गेल्या, मग थांबल्या, मग संपल्या. रस्ता दोन्ही हातांस मोकळा झाला. ऊन पडले होते, पलीकडे शेजारी बाकावर बसून आम्हांस हात करीत होते आणि दिव्यातील माणूस लालच होता. मला घाई नव्हती. परंतु सौ.ने एकदा दिव्याकडे, एकदा त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिले आणि माझ्या कोटाची बाही ओढली.

"अहो, फेब्रुवारी लागला," ती म्हणाली. "यंदाचं अजून एकही गेलं नाही तुमचं."